इन्सुलिन घरी नीट घेतलं जाईल का? वॉर्डातल्या परिचारिकांनी करावं असं छोटं संशोधन, पायरीपायरीने

डिस्चार्जची दुपार प्रत्येक मेडिसिन वॉर्डात सारखीच असते. राउंड संपलेला, कार्ड लिहून झालेलं, मुलगा जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी खाली रांगेत उभा आणि गेटबाहेर रिक्षा थांबलेली. अशा वेळी सिस्टर पेशंटला इन्सुलिन कसं घ्यायचं ते भराभर सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘समजलं ना काका?’ काका ‘हो’ म्हणतात. सिस्टरसमोर ‘नाही समजलं’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. केसपेपरवर ‘आरोग्यशिक्षण दिले’ असं लिहिलं जातं आणि पेशंट घरी जातो.

त्या ‘हो’चा घरी काय उपयोग होतो हे मोजायचं काम परिचारिकेचं आहे, असं माझं ठाम मत आहे. हे डॉक्टरांचं किंवा विद्यापीठातल्या कुणाचं काम नाही. पेशंटजवळ चोवीस तास आपण असतो, सुई त्याच्या हातात आपणच देतो. त्याला नीट शिकवणं आणि शिकवलेलं पोचलं का ते तपासणं, या दोन्ही गोष्टी एकाच छोट्या अभ्यासात साधता येतात. तो करताना परिचारिकेच्या अंगी जी कौशल्यं येतात, ती वर्गात बसून येत नाहीत. अधिपरिचारिका, परिसेविका, पाठ्यनिर्देशिका आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींना हा अभ्यास वॉर्डात कसा उभा करता येईल, ते इथे सांगते.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘मधुमेही रुग्णांच्या आरोग्यशिक्षणाची परिणामकारकता’ हे शीर्षक शोधनिबंधाच्या पानावर शोभतं, पण त्यातून वॉर्डात काहीच करता येत नाही. प्रश्न असा हवा की उद्याच्या मॉर्निंग ड्यूटीला त्याचं उत्तर शोधायला सुरुवात करता येईल. उदाहरणार्थ: आमच्या वॉर्डातून पहिल्यांदाच इन्सुलिन घेऊन घरी जाणारे रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक बाटलीतून बरोबर डोस भरून, बरोबर टोचून दाखवू शकतात का? आणि शिकवल्यावर त्यांच्याकडून करून घेण्याची पद्धत, म्हणजे टीच-बॅक, सुरू केली तर हे प्रमाण वाढतं का?

रुग्ण कोण, काय नवीन करणार, कशाशी तुलना करणार, काय मोजणार आणि किती दिवसांत, या पाच गोष्टी एका कागदावर लिहा. पाचपैकी एकही जागा रिकामी राहिली तर प्रश्न अजून कच्चा आहे.

मग आधीचं काम वाचा. वैद्यकीय संशोधनलेख शोधायचं पबमेड हे संकेतस्थळ फुकट आहे आणि तिथले बरेच लेख पूर्ण वाचायला मिळतात. टीच-बॅक, इन्सुलिन, परिचारिका आणि डिस्चार्ज यांचे इंग्रजी शब्द एकत्र टाकून शोधा. दहा लेख चाळण्यापेक्षा दोन लेख नीट वाचा. प्रत्येकात एकच गोष्ट हेरा: त्यांनी मोजलं नेमकं काय? बऱ्याच ठिकाणी फक्त ज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. पेशंटला उत्तरं येतात, पण सिरिंज हातात दिली की बोटं अडखळतात. आपण हात पाहायचा.

दुसरी पायरी: परवानगी आणि नैतिकता

इनचार्ज सिस्टर, अधिसेविका, वैद्यकीय अधीक्षक आणि युनिटप्रमुख यांची लेखी परवानगी घ्या. निष्कर्ष बाहेर मांडायचे असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करा, तोही आधी. माहिती गोळा केल्यावर मंजुरी मागता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. आपल्या अभ्यासात धोका अगदी कमी आहे, त्यामुळे अर्जही आटोपशीर होतो. हे ‘फक्त गुणवत्ता सुधारणेचं काम’ आहे की संशोधन, हा वाद समितीवर सोडा, स्वतः ठरवू नका.

संमतीपत्र मराठीत हवं, आणि पेशंट बोलतो त्या मराठीत. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवा. नकार दिला तरी उपचारात आणि शिकवण्यात काडीचाही फरक पडणार नाही, हे तोंडी सांगा. वॉर्डातल्या पेशंटला आपल्याला दुखवायची भीती असते, म्हणून हे वाक्य दोनदा सांगावं लागतं.

आता खरा अवघड मुद्दा. निम्म्यांना नव्या पद्धतीने शिकवायचं आणि निम्म्यांना ‘तुलनेसाठी’ अर्धवट सोडायचं, असा आराखडा करू नका. आधी चालू पद्धत मोजा, मग बदल करा, मग पुन्हा मोजा. पण आधीच्या मोजणीतही एखादा पेशंट तुमच्यासमोर चुकीचा डोस भरतो. त्या वेळी काय? नियम स्पष्ट ठेवा: आधी नोंद करायची, सुई टोचण्याआधी थांबवायचं, तिथल्या तिथे दुरुस्त करायचं आणि बरोबर जमेपर्यंत घरी सोडायचं नाही. नोंद पहिल्या प्रयत्नाचीच राहील. अभ्यासासाठी चूक चालू द्यायची नाही, ही ओळ तुमच्या आराखड्यात ठळक लिहा.

नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा. फोन नंबरांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात ठेवा. पेशंटचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, चेहरा झाकूनसुद्धा नाही.

तिसरी पायरी: तपासणी सूची

अभ्यासाचा कणा हाच आहे, इथे घाई करू नका. बाटली आणि सिरिंजसाठी सूची अशी करता येईल:

१. साबणाने हात धुतले.
२. बाटलीवरचं इन्सुलिनचं नाव, मुदत आणि ताकद पाहिली, आणि सिरिंज त्याच ताकदीची आहे हे पडताळलं.
३. दुधाळ इन्सुलिन दोन्ही तळहातांत हलकेच फिरवून एकजीव केलं, जोरात हलवलं नाही.
४. रबरी बूच पुसलं, डोसइतकी हवा आत सोडली.
५. सांगितलेला डोस रेघेवर बरोबर भरला, बुडबुडे काढले.
६. जागा निवडली: पोटावर बेंबीपासून दोन बोटं दूर, किंवा मांडी, कालची जागा टाळली.
७. सुई नीट आत घातली, पूर्ण डोस दिला, काही क्षण थांबून काढली, चोळलं नाही.
८. सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकली.
९. इन्सुलिननंतर जेवण कधी घ्यायचं ते सांगितलं.
१०. शुगर लो झाल्याची लक्षणं आणि त्यावर काय करायचं ते सांगितलं.

दहापैकी आठ गुण म्हणजे पास, असं मात्र करू नका. २, ५, ९ आणि १० या पायऱ्या जिवावरच्या आहेत. त्यातली एक जरी चुकली तरी ‘अजून तयार नाही’ असंच लिहायचं.

सूचीतल्या दुसऱ्या पायरीवर इतका जोर का, ते बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं असतं आणि १०० युनिटच्या सिरिंजची टोपी नारिंगी. ४०च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजने ‘२०’च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला फक्त ८ युनिट मिळतात. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२०’पर्यंत भरलं तर थेट ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. गावातल्या मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढंच सांगितलं की हातात काय येईल याचा नेम नाही. म्हणून पेशंटला टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा जुळवायला शिकवा, आणि रिकामी सिरिंज नमुना म्हणून सोबत द्या.

सूची तयार झाली की ती एक डॉक्टर, एक पाठ्यनिर्देशिका आणि रोज शिकवणाऱ्या दोन-तीन सिस्टर यांना दाखवा. मग दोन परिचारिकांनी एकाच वेळी, एकमेकींशी न बोलता, त्याच दहा पेशंटांचं निरीक्षण करून सूची भरावी. दहा पेशंट, दहा पायऱ्या, म्हणजे १०० नोंदी. त्यातल्या ९०हून कमी जुळल्या तर दोष निरीक्षणाचा नाही, व्याख्येचा आहे. ‘जागा नीट निवडली’ म्हणजे नेमकं काय, हे दोघींच्या मनात वेगळं असतं. बसा, बोला, वाक्य बदला. या एका बैठकीत दोन्ही परिचारिका इन्सुलिन तंत्राबद्दल जेवढं शिकतात, तेवढं एखाद्या दिवसभराच्या कार्यशाळेतही शिकत नाहीत.

चौथी पायरी: आजची स्थिती मोजा

बदल करण्याआधी ३० पेशंट पुरेत. येतील तसे सलग घ्या. हुशार वाटणारे किंवा वेळ असलेले निवडून घेऊ नका, नाइटनंतर घाईत जाणारेही यायला हवेत. कुणाला वगळणार ते आधी लिहा: आधीपासून घरी इन्सुलिन घेणारे, किंवा स्वतःही घेऊ न शकणारे आणि देणारा नातेवाईक हजर नसणारे.

ज्या सिस्टरने शिकवलं तिनेच तपासायचं नाही. आपण शिकवलेल्याला आपण नकळत मदत करतो: नजर सिरिंजवर जाते, मान हलते, पेशंट ओळखतो. तपासणारी वेगळी हवी आणि तिचा चेहरा कोरा हवा.

एक भान ठेवा. समजा ३० पैकी १५ जणांना बरोबर जमलं. हे ‘५० टक्के’ वाटतं, पण एवढ्या छोट्या संख्येवरून खरं प्रमाण साधारण ३३ ते ६७ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतं. म्हणून अहवालात ‘३० पैकी १५’ असंच लिहा. छोट्या अभ्यासाने छोटंच बोलावं, त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: शिकवण्याची पद्धत बदला

पहिला बदल वेळेचा. इन्सुलिन सुरू झालं त्याच दिवशी शिकवणं सुरू करा. पहिल्या दिवशी पेशंट बघतो, दुसऱ्या दिवशी तो भरतो आणि आपण टोचतो, तिसऱ्या दिवशी सगळं तो करतो आणि आपण बघतो. रोजच्या इंजेक्शनच्या वेळीच हे होतं, त्यामुळे जादा वेळ थोडाच लागतो. केसपेपरला एक चिठ्ठी लावा आणि हँडओव्हरला ‘बेड ७, दुसऱ्या टप्प्यावर’ एवढं सांगा.

दुसरा बदल बोलण्याचा. ‘समजलं का?’ हा प्रश्न वॉर्डातून काढूनच टाका. त्याऐवजी म्हणा: ‘काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या सकाळी घरी तुम्ही कसं घेणार, ते मला करून दाखवा.’ ओझं आपल्यावर घेतलं की पेशंटला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. चुकलं तर तेवढीच पायरी पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगा आणि पुन्हा करायला लावा. एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगा.

चष्म्याचं विचारा. मधुमेहात नजर कमी झालेली असते आणि सिरिंजच्या रेघा बारीक असतात. आकडे वाचता येत नसतील तर नमुन्याच्या सिरिंजवर डोसच्या रेघेला रंगीत चिकटपट्टी लावून द्या आणि ती शेजारी धरून भरायला शिकवा. डोस बदलला की पट्टी बदलायला यायचं, हेही सांगा.

भाषेचं तर विचारूच नका. खानदेशात अहिराणी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, सिंधुदुर्ग-गोव्याकडे कोकणी किंवा मालवणी. पेशंट मराठी ‘समजतो’, पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेतच विचार करतो. दुभाषी म्हणून मावशींची किंवा नातवाची मदत घ्या, पण तपासणी हाताचीच ठेवा. करून दाखवायला दुभाषी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच फायदा आहे.

साठवणीचं शिकवताना घर विचारा. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरातली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे चालते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो आणि फ्रिज प्रत्येक घरात नसतो. तिथे ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवून, बाटली कोरड्या झाकणाच्या डबीत घालून त्यात ठेवायला सांगा. बाटली पाण्यात बुडवायची नाही.

शुगर लो होण्याबद्दल डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्या: घाम, थरथर, धडधड, अचानक भूक किंवा चिडचिड झाली, किंवा ग्लुकोमीटरवर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा साखर, मग खाणं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, १०८ला फोन करायचा. आणि उपवास! एकादशी, नवरात्र, रोजे यांबद्दल आपण विचारलं नाही तर पेशंट स्वतःहून सांगत नाही. डोस तोच, जेवण नाही, अशीच माणसं बेशुद्ध होऊन कॅज्युअल्टीत येतात. उपवासाचा दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठरवायला सांगा आणि हा प्रश्न सूचीतच घाला.

सहावी पायरी: सिस्टरची तयारी

पेशंटची तपासणी करण्याआधी शिकवणाऱ्या प्रत्येक परिचारिकेने तीच सूची स्वतः करून दाखवावी. ज्येष्ठांनी पहिल्यांदा करावी, म्हणजे नव्या मुलींना संकोच राहत नाही. मग जोड्या करा: एक शिकवते, दुसरी फक्त बघते आणि नंतर दोनच गोष्टी सांगते, काय छान झालं आणि पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल. हे पेशंटसमोर नाही, ड्यूटी रूममध्ये.

अमेरिकेतल्या परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले. वॉर्डात त्यांचा उपयोग होतो. नवशिक्या सिस्टरला सूची शब्दशः पाळू द्या, तिला तोच आधार असतो. अनुभवी सिस्टर पेशंटच्या चेहऱ्यावरून ओळखते की हा आज शिकणार नाही, कारण त्याला बायकोच्या ऑपरेशनची काळजी आहे. हे तिला कसं कळलं, ते तिला मोठ्याने बोलायला लावा. अनुभव असा बोलून दाखवला तरच तो नव्या मुलींपर्यंत पोचतो, नाहीतर निवृत्तीबरोबर निघून जातो.

सकाळ-दुपार ड्यूटी बदलताना आठवड्यातून एकदा १५ मिनिटं एकच पायरी घ्या. या प्रशिक्षणाला निरंतर परिचर्या शिक्षणाची मान्यता मिळेल का, ते अधिसेविकांमार्फत राज्य परिषदेकडे आधीच विचारा. भारतीय परिचर्या परिषदेच्या धोरणानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तास लागतात. ते प्रमाणपत्रांसाठी धावपळ करून भरण्यापेक्षा स्वतःच्या कामातून भरलेले बरे.

सातवी पायरी: पुन्हा मोजणी आणि सातव्या दिवशीचा फोन

पद्धत महिनाभर रुळल्यावर पुन्हा सलग ३० पेशंट, तीच सूची, त्याच निरीक्षक. डिस्चार्जनंतर सातव्या दिवशी फोन करा आणि हो-नाहीचे प्रश्न टाळा: ‘आज सकाळी किती युनिट घेतलं? कुठे टोचलं? बाटली आता कुठे आहे? सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची आहे? आठवड्यात घाम-थरथर झाली का, तेव्हा काय केलंत?’ फोनवर चूक कळली तर सुधारा, गरज असेल तर ओपीडीत बोलवा, निवासी डॉक्टरांना कळवा. फोन न लागलेले पेशंटही मोजा. त्यांना गाळलं तर निकाल खोटा गोड दिसतो.

विश्लेषण साध्या एक्सेलवर होतं. आधीचे आणि नंतरचे पेशंट वेगळे असल्याने प्रमाणांची तुलना काय-स्क्वेअर चाचणीने करा, म्हणजे फरक योगायोगाचा असू शकतो का ते कळतं. एखाद्या रकान्यात अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी येत असेल तर छोट्या संख्यांसाठीची फिशरची चाचणी. सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागातल्या संख्याशास्त्रज्ञांना माहिती गोळा करण्याआधीच भेटा. पण एकूण गुणांपेक्षा पायऱ्यांचा तक्ता जास्त बोलका असतो. नऊ पायऱ्या सुधारल्या आणि जेवणाची वेळ तिथेच राहिली, तर पुढचं काम तिथे आहे.

मोजणी पुढे चालू ठेवणार असाल तर दर आठवड्याचं प्रमाण आलेखावर ठिपक्यांनी मांडा आणि मध्यकाची, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची, रेघ ओढा. सलग सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर बदल योगायोगाचा नाही असं समजायला हरकत नाही. हा आलेख ड्यूटी रूमच्या भिंतीवर लावा, फायलीत नको.

लिहिणं, सांगणं आणि पुढे चालवणं

पहिला अहवाल वॉर्डाला द्या, एका पानाचा, मराठीत, मावशींनाही वाचता येईल असा. मग अधिसेविका आणि अधीक्षकांना: काय सापडलं आणि काय हवं, उदाहरणार्थ औषध भांडारातून बाटलीसोबत त्याच ताकदीची सिरिंज. बाहेर मांडायचं असेल तर सुधारणा प्रकल्पांच्या लेखनासाठी असलेली स्क्वायर २.० ही मार्गदर्शिका समोर ठेवा. १९०८ साली स्थापन झालेली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आणि तिचं नियतकालिक हे आपल्या परिचारिकांचं जुनं व्यासपीठ आहे. ‘आठवड्यात छापून देतो, पैसे भरा’ अशा ईमेलला उत्तर देऊ नका. लेखावर नाव त्यांचंच घाला ज्यांनी काम केलं, आणि रात्री जागून सूच्या भरणाऱ्या सिस्टरचं नाव त्यात असलंच पाहिजे.

बदल्या होतात, नव्या मुली येतात, इनचार्ज बदलतात. म्हणून सूची आणि तीन दिवसांचा शिकवण्याचा क्रम वॉर्डाच्या रुजू होण्याच्या प्रशिक्षणात घाला, आणि दर तीन महिन्यांनी सलग दहा पेशंट तपासा. जिवावरच्या पायऱ्यांमध्ये घसरण दिसली तर सिस्टरना जाब विचारण्याआधी पुरवठा बघा: नव्या खरेदीत सिरिंज बदलली का, बाटलीऐवजी पेन आलं का, डिस्चार्ज कार्डाचा नमुना बदलला का. पेन आलं असेल तर सूचीच वेगळी लागेल: नवी सुई लावणं, दोन युनिट हवेत सोडून पाहणं, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढणं. ती सूची दोन निरीक्षकांकडून पुन्हा जुळवून घ्या आणि मगच वापरा.